हवालदाराची पँट

हॅलो?… हॅलो… हो, मीच. थांब जरा, मशीन बंद करतो, काही ऐकू येत नाही… हं. आता बोल.

काय?… कोण म्हणालं?… वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना खिडकी सोडून दुसरं काम आहे का… हो, आहे. पोलिसांची गाडी उभी आहे खाली. खरं आहे ते… अगं, ऐक ना. ऐक तरी! काही झालेलं नाही. तुझा दादा ठीक आहे. हा काय, पुढच्या खोलीत बसलाय… शप्पथ. ओरडला नाही, काही फुटलं नाही, जेवला पण व्यवस्थित… मी कशाला बोलावू पोलिसांना? कुणीच बोलावलं नाही. एक हवालदार आलाय. एकटाच. कामाला आलाय… कसल्या म्हणजे? शिंप्याकडे माणूस कसल्या कामाला येतो? पँट सैल करायला.

हसतेयस की रडतेयस?… बरं, बरं. पाणी पी आधी. कुठे आहेस?… महापालिकेच्या सभागृहाच्या जिन्यात. मग बस तिथेच पायरीवर. तुमच्या त्या ‘पोलिसांऐवजी समुपदेशक पाठवा’ ठरावाची सुनावणी चारला ना? वेळ आहे अजून.

नाही, पहिल्यांदा नाही आला… येतो अधूनमधून. एरवी साध्या कपड्यांत येतो, म्हणून काकूंना पत्ता नाही. आज तुमच्या सुनावणीचाच बंदोबस्त आहे त्याला, म्हणून गणवेशात… अधूनमधून म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी… दोन वर्षं झाली असतील.

कोण हवालदार?… अगं, त्या तिघांतला. तो दाराशी उभा होता बघ, मागे. तो.

…हॅलो? आहेस ना?

हो… हो… माहीत आहे मला. मला काय सांगतेस, मी होतो तिथे. दादा सकाळपासून धागे कापत बसला होता. भिंतीतून कुणीतरी बोलतंय म्हणाला, उठला, मला ओळखेना. मी घाबरलो आणि ठाण्यात फोन केला. त्यांना आल्या आल्या त्याच्या हातातली कात्रीच दिसली. शिंप्याच्या घरात कात्री नाही तर काय तोफ असणार? पण नाही. ‘टाक, टाक’ करत तिघांचा आरडाओरडा, आणि मग दादाचा हात मोडल्याचा तो आवाज… नको, परत नको ते. तू विसरलेली नाहीस, मीही नाही.

ऐक, मग हा आला कसा ते सांगतो. प्लास्टर उतरलं त्याच आठवड्यात दाराशी उभा. हातात पँट. म्हणाला, “मास्तर, कमरेत जरा सैल करून द्या.” मी दार तोंडावर लावणार होतो. पण पँट पुढे केली होती त्याने, आणि माझे हात मेले सवयीचे, घेतली. केली सैल. पुढच्या महिन्यात परत हजर. तीच पँट! “मास्तर, बारीक झालो, घट्ट करा.” बारीक कसला, पोट होतं तिथेच. केली घट्ट. परत आला, सैल करा. परत आला, घट्ट करा… अगं, कापड विरलं शिवणीशी! मी एकदा वैतागून दादाला म्हटलं, हा माणूस वेडाबिडा आहे का रे? तर दादा म्हणतो कसा, “नाही बाबा. वेडा मी आहे. तो लाजतोय.”

…हो. असं म्हणाला. दोऱ्यातून मान वर न काढता.

नाही… माफी नाही मागितली. एकदाही नाही. मीही विचारलं नाही. मी पैसे घेत नव्हतो आणि तो पँट आणायचा थांबत नव्हता. चाललं होतं आमचं.

अगं, सांगणार होतो! काल रात्री तू भाषण वाचून दाखवलंस ना, ‘त्या दिवसानंतर आमच्या दारात पोलीस आला नाही आणि माझा भाऊ सावरला,’ तेव्हाच सांगायचं होतं. पण तू अशी काही वाचत होतीस की मला वाटलं आता नगरसेवक टाळ्या वाजवत माझ्याच घरी येतात. म्हटलं, झोपू दे पोरीला.

नाही, खोटं नाही बोलत होतीस तू. तुला माहीतच नव्हतं… बरं, आता माहीत झालं. म्हणून म्हणतो, ते एक वाक्य बोलू नकोस. बाकीचं बोल.

कशाने सावरला? तुमच्या त्या समुपदेशनाच्या बाईंनी सावरलं, ते खरं आहे, मी कुठे नाही म्हणतो? दर आठवड्याला येतात, सोन्यासारख्या बाई. पण एकट्या आहेत, अख्ख्या शहराला कशा पुरणार? मागे दादा दोन दिवस कपाटामागे जाऊन बसला होता. तुला कळवलं नाही, तुझी परीक्षा होती. बाई तेव्हा आजारी. फोन उचलायला दुसरं माणूस नाही. ठाण्यात फोन करू? परत तिघं येणार. शेवटी याला केला, याच्या घरी. आला. चपला बाहेर काढल्या. कमरेचा पट्टा काढला. खिशातल्या किल्ल्या काढून जिन्यात ठेवल्या, आवाज नको म्हणून. आणि कपाटाशेजारी फरशीवर बसला. माझा बटणांचा डबा ओढला आणि निवडत बसला. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे. मी चहा ठेवला, तो गार झाला, परत ठेवला. दुपार गेली. संध्याकाळी कपाटामागून हात आला बाहेर. “ते पांढरं नाही. मोतिया आहे.” झालं. त्यानंतर दोघं मिळून निवडत बसले.

…रड, रड. मीही रडलो होतो. चहात साखरच घातली नाही त्या नादात.

हो ना… अगदी बरोबर. एका चांगल्या पोलिसाने काही सिद्ध होत नाही. तेच म्हणतोय मी! एकावर गाव चालत नाही… म्हणू दे की विरोधी पक्षाला. “बघा, पोलीस किती माणुसकीचा, द्या खात्याला आणखी गाड्या.” तू उलट विचार त्यांना, त्या दुपारचा पगार त्याला कुणी दिला? खात्याने? खात्याने साधी चटई दिली नाही बसायला. उलट साहेबांनी झापलं, सुट्टी घेऊन कुणाच्या घरी जातोस म्हणून. तो स्वतः म्हणतो, “मास्तर, आम्हाला धरायला शिकवलं. बसायला मी इथे शिकलो.”

आणि तुझी ती मैत्रीण, अख्खं खातंच बंद करा म्हणणारी… हो, तीच, चष्मेवाली, माझ्याकडून झोळी शिवून घेतली ती. तिला म्हणावं, आधी एवढा एक आमच्या घरातून घालवून दाखव. दादा जाऊ देतो का बघ… नाही गं, टर नाही उडवत. पोर जीव तोडून बोलते. हात मोडलेला तिने पाहिलाय, मग आणखी काय म्हणेल ती?

थांब. आतल्या खोलीत जातो… हं. हळू बोलतो आता. ऐक, त्याची बदली झालीय. एक तारखेला जायचंय, लांब. मलाही आजच कळलं. पँट शेवटची सैल करून घ्यायला आला, यावेळी खरोखरच सैल करायची आहे, गणवेशाची आहे. आणि बोलता बोलता बदलीचं तोंडातून गेलं. दादासमोर.

नाही, ओरडला नाही. काहीच नाही केलं. पँट उसवत होता ना, ती पूर्ण उसवली आणि मांडीवर घेऊन बसला. मला शिवायला देत नाही. अर्धा तास झाला. मी मागितली, हवालदाराने मागितली. मान हलवतो फक्त.

हवालदार घालणार काय? माझा पायजमा दिलाय. घोट्याच्या वर येतोय त्याला. तुमच्या सुनावणीचा बंदोबस्त माझ्या पायजम्यात बसलाय, बाई, आणि वर तुम्ही सभागृहात सुरक्षिततेवर चर्चा करणार!

…हस. बरं वाटलं ऐकून.

कात्री?… आहे ना. दादाच्याच हातात आहे. मोठी, कापड कापायची… हवालदार समोरच आहे. हातभर अंतरावर, मांडी घालून… नाही. मागे सरकला नाही. उसवलेले धागे दादा त्याच्या तळहातावर ठेवतोय आणि तो मूठ मिटतोय.

…

हो. मीही मघापासून तेच बघतोय. म्हणून तर मशीन चालवत बसलो होतो, रिकामीच. दोघांना वाटायला नको बघतोय म्हणून.

अगं, पण एक तारखेनंतर कोण? दोन वर्षं मी पँट सैल-घट्ट करत राहिलो, याचा विचारच केला नाही. परत कपाटामागे बसला तर कुणाला फोन करू? म्हणून बोल तू. चारला वर जा आणि बोल.

काय?… त्याच्याशी? बोल की. पण तो फोनवर बोलत नाही, माहीत आहे ना… बरं. देतो.

दादा. तुझ्या बहिणीचा फोन आहे… धर. कानाला धर नुसता, बोलू नकोस हवं तर… असा…

थांबा हो हवालदार, बहिणीशी बोलतोय. चहा टाकू का?… वेळ कुठे राहिला? पँटीशिवाय जाणार आहात का बंदोबस्ताला? बसा गुपचूप…

दे. झालं?… हॅलो? अगं, काय सांगितलंस त्याला? दिली की पँट! उठला, माझ्या मशीनवर आणून ठेवली… काय म्हणालीस?

…

“नवीन माणसं येतील, त्यांनाही पँटी असतील.”

…थांब जरा. डोळ्यात काहीतरी गेलं… नाही, दोऱ्याचं कुसळ असेल. या धंद्यात जातंच.

पण आता एक ऐक. त्याने मोजायची टेप गळ्यात घातलीय. मला विचारतोय, कधी येणार, किती जण, बायका असतील तर पँट घालतात का… आता मी काय सांगू? शब्द तू दिलायस. आजवर सुनावणी तुझी होती, आता त्याची पण आहे. ठरावाला मतं पडली नाहीत तर परत मांड, पण ती माणसं आण.

हो… सगळं सांग. हात पण सांग, बटणं पण सांग. मी विचारलंय हवालदाराला. म्हणाला, “नाव घेऊ नका, नोकरीचा प्रश्न आहे. पँटीचं सांगा हवं तर.” आणि मग हळूच म्हणाला, “पण मी दाराशीच असेन, मला ऐकू येईल.” घाबरलाय बिचारा. तुला घाबरलाय.

बरं, चल, ठेव आता, शिवण घालायची आहे. दोन टिपा मारतो, दहा मिनिटांत सोडतो त्याला… हो, दिसेल तुला सभागृहाच्या दारात. ओळख देऊ नकोस… किंवा दे थोडी. नुसती मान हलव… आणि बघ जरा, कमरेत नीट बसलीय का. मला काय, तो तर छान झाली म्हणूनच सांगणार. तू बघ आणि मला सांग.

ठेवतो.