टेबलावरचं मीठ

मुक्ता : पण काका, कुणी मीठ मागितलं तर नाही कसं म्हणता?

काशीनाथ : खानावळ माझी आहे, मॅडम.

मुक्ता : जेवण त्यांचं आहे. आमच्या अन्न-औषध ऑफिसात तक्रार आलीय. तलासरी नाक्यावर काशीनाथच्या खानावळीत डाळ अळणी, आणि मागूनही मीठ मिळत नाही.

काशीनाथ : रोज जेवायला येणाऱ्या त्या काकड्याने केली असणार. तो आता घरून मिठाची पुडी आणतो. मला बघितलं की लपवतो, बिडीसारखी.

मुक्ता : मीठ कमी घाला, हे आम्हीच सांगत फिरतो. तुम्ही घालता, चांगलंच आहे. तशी पाटी लावा बाहेर. पण टेबलावर मीठ ठेवा. किती घ्यायचं ते ज्याचं तो ठरवेल.

काशीनाथ : चंद्रिकाने पण स्वतःचं स्वतःच ठरवलं होतं.

मुक्ता : चंद्रिका कोण?

काशीनाथ : माझी बायको. खानावळ तिनेच उभी केली. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी आहे, मीठ सोडा. ही सुक्या बोंबलावर पण वरून मीठ घ्यायची. मी बोललो की भांडायची. म्हणायची, अळणी खायला मी काय आजारी आहे? दिवाळीनंतर गेली.

मुक्ता : म्हणून टेबलांवरचं मीठ उचललंत.

काशीनाथ : तिचं तेरावं झालं, खानावळ उघडली, तेव्हाच.

मुक्ता : बरं.

काशीनाथ : दुपारी गल्ल्यावर माझा डोळा लागतो. तेव्हा येते ती. त्या खिडकीच्या टेबलाशी बसते. बाहेर हायवे नसतो, आमच्या झरी गावचं भाताचं शेत असतं. त्याचं पाणी आत टेबलाखाली आलेलं. त्यात पाय सोडून बसते आणि हात पुढे करते.

मुक्ता : मिठासाठी?

काशीनाथ : मी देत नाही. तरी रागावत नाही, पूर्वीसारखी भांडत नाही. हात तसाच. मग कोणीतरी बिल मागतं आणि मला जाग येते.

मुक्ता : काका, मला नोटीस लिहायची नाही. एक थाळी वाढा. मीठही द्या.

(काशीनाथ आतून थाळी आणि मिठाचा डबा आणतो. मुक्ता हात पुढे करते.)

काशीनाथ : हातावर नका मागू. डबा ठेवतो, तुम्ही घ्या. मीठ हातावर दिलं की भांडण होतं.

मुक्ता : माझी आई पण हेच म्हणते. मग बाकीच्या टेबलांवर ठेवाल ना?

काशीनाथ : ठेवतो. खिडकीचं तेवढं राहू द्या.

मुक्ता : तिथे का नको?

काशीनाथ : तिथे मी हातावर देणार आहे.