जिनसेंगची जागा आणि वरचं कोर्ट

...आणि वर मलाच म्हणतात, ओफामावशी, कोर्टात धावायची एवढी घाई कसली? घाई? अहो, उद्या सकाळी तो मेला डेल्मर, माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्यामागं डोंगर चढणार, माझी जिनसेंगची, त्या सोन्याच्या भावाच्या औषधी मुळ्यांची जागा डोळे भरून बघणार, आणि मी घाई करू नको? तुम्हाला सांगते, ती जागा मी माझ्या नवऱ्यालासुद्धा दाखवली नाही! मरताना बिचारा म्हणाला, "आता तरी सांग गं..." मी म्हटलं, अहो, आधी औषध घ्या!

आईनं दाखवली होती मला. दरवेळी वेगळ्या वाटेनं जायचं, लाल बी तिथल्या तिथं पुरायचं, पानं खुडून टाकायची, म्हणजे चोराला झाड दिसत नाही. आमच्या केंटकीच्या डोंगरात एकवेळ कुणी दुसऱ्याची बायको पळवेल, पण जिनसेंग कुठं उगवतं ते तोंड वर करून विचारणार नाही!

तर डेल्मरनं लावला वाटणीचा दावा. म्हणतो, डोंगर आजोबांचा, अर्धा माझा! आणि जज्जसाहेब, चष्मा असा नाकाच्या शेंड्यावर, "वाटणीला किंमत हवी, किमतीला झाडं बघायला हवीत, बाईंनी कोर्टाला डोंगरावर नेऊन जागा दाखवावी." दाखवावी! अहो, दाखवली की संपली! दुसऱ्या दिवशी तिथं नुसते खड्डे!

माझा वकील हॅस्किन्स, कोवळं पोर, म्हणतो, "मावशी, घाबरू नका, हा हुकूम थांबवायला वरच्या कोर्टात रिट टाकू." टाकली. वरचे तिघं जज्ज काय म्हणाले? "खालच्या साहेबांचं चुकलंही असेल, पण प्रत्येक चुकीला रिट नसते. खटला संपू द्या, मग अपील करा." म्हणजे काय? आधी होऊ द्या, मग या!

अहो, मुळ्या गेल्या तर? "भरपाई मिळेल." आईनं पुरलेल्या बियांची? "पैशानं भरून येतं, त्याला रिट नाही." घर पेटलं म्हणून बंबवाल्याला हाक मारावी, तर म्हणतो राख दाखवा! मग रिट मिळते तरी कुणाला? तर वकिलाला सांगितलेलं गुपित कुणी उघडं करायला निघालं, तर मिळते म्हणे. झालं! मी वकिलालासुद्धा सांगितलं नव्हतं ना! जन्मभर तोंड मिटून बसले, म्हणून उघडी पडले!

नाही दाखवत म्हटलं तर? तुरुंग. मी आत, आणि अख्खा डोंगर डेल्मरला मोकळा! आज सकाळीच आला होता दारात, "ताई, उद्या बूट कुठले घालू गं? चिखल आहे का तिकडं?" इतकं गोड तर माझ्या आईच्या मयतीलाही बोलला नव्हता. कुदळीला धार लावून ठेवलीय त्यानं, त्याच्याच बायकोनं सांगितलं. तशीच उठले, पुन्हा हॅस्किन्सला गाठलं, तर मान खाली घालून तेच. आधी होऊ द्या, मग या!

...काय हो, या दुकानाच्या बाकावर एवढी गर्दी कधीपासून जमायला लागली? आणि असे पुढं वाकून वाकून काय ऐकताय? "कुठल्या ओढ्याच्या अंगाला, मावशी?" कोण बोललं ते? कोण?

जाऊ दे. हॅस्किन्स म्हणतो, कोर्ट डोंगरावर भरलं तरी कोर्टच, सगळ्यांना खुलं. मग एकट्या डेल्मरनंच का खणावं? या, सगळेच या. पोती तेवढी आपापली आणा.