थोरलीची कुंची

आमच्या थोरलीच्या बारशाची गंमत तुम्हाला कधी सांगितलीच नाही. लढाईचे दिवस, कापड रेशनवर. सासरे श्रीगोंद्यात शिंपी. लोकांच्या चोळ्या शिवून उरलेले खणांचे तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. ते सगळे जोडून मी लेकीला कुंची शिवली.

बारशाला सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, आल्या. कुंची पाहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पहिल्या पोरीला चिंध्या घातल्या व्हय?" माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारची सखूबाई वाकून ओरडली, "अगं बया, ह्यो हिरवा तुकडा माझ्या लग्नातल्या चोळीचा हाय!"

मग काय, बायकांची झुंबड उडाली. जिला आपला खण सापडे, ती पोरीला मांडीवर घेई. "ही तर आमचीच पोर!"

अक्कांनीही कुंची उलटीपालटी करून पाहिली. "अरे, ह्यात माझा एकबी तुकडा न्हाई?"

सासरे हसले. "अक्का, मी कापड मारतो म्हणून तू चोळ्या नगरला शिवतीस. तुझा तुकडा यायचा कुठनं?"

अक्कांनी पोर छातीशी धरली. "आता तुझ्याकडंच शिवीन. पर कापड जरा जास्तीच मार, बाबा!"