चोपन्न पायऱ्या

थेरपिस्ट: मी काय सांगितलं होतं मावशी? या आठवड्यात एकच मजला. अठरा पायऱ्या, कठडा धरून, आणि परत खाली.

मावशी: सांगितलं होतंस.

थेरपिस्ट: आणि तुम्ही चोपन्न चढलात.

मावशी: चढले. तुला रागवायचं असेल तर आधी रागावून घे, मग मी नीट सांगते.

थेरपिस्ट: पाय वर घ्या आधी. बघू दे. डावा गुडघा थोडा सुजलाय. कधीची गोष्ट?

मावशी: गुरुवारची. खिडकीच्या काचा बाहेरून पांढऱ्या झाल्या होत्या बघ, तो दिवस.

थेरपिस्ट: नेमका तोच दिवस? थंडीत तुमचे गुडघे अकरा वाजेपर्यंत वाकत नाहीत.

मावशी: चाळीस वर्षं पायाने मशीन चालवलं गं. लोकांचे कपडे शिवता शिवता माझेच सांधे उसवले. पण अक्काने फोन उचलला नाही, मग काय करू?

थेरपिस्ट: अक्का म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची मोठी बहीण ना?

मावशी: तीच. मी तळमजल्यावर, ती वर. तिला दम लागतो म्हणून ती उतरत नाही, माझे गुडघे धरतात म्हणून मी चढत नाही. एकाच इमारतीत राहून दोन हिवाळे आम्ही नुसत्या फोनवर भेटतोय. रोज नऊला तिचा फोन येतो. त्या दिवशी आला नाही. मी केला, नुसता वाजत राहिला. तिच्याकडे कामाला येणारी बाई बारानंतर येते. भाच्याला फोन लावला, तो कारखान्यात, तिथं पाळी संपेपर्यंत फोन हातात घेऊ देत नाहीत.

थेरपिस्ट: शेजारी कोणी?

मावशी: माझ्या समोरच्यांच्या दाराला कुलूप. मग किल्ली घेतली. तिच्या घराची एक माझ्याकडे असते. दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

थेरपिस्ट: का? दुखलं?

मावशी: नाही गं. तू म्हणतेस ना, गार गुडघ्याने पायरी चढायची नाही. शेकाची पिशवी गरम केली, दोन्ही गुडघ्यांवर ठेवली. मग पाय सरळ करून पाच मोजायचे, खाली घ्यायचा, दहादा. वर माझी बहीण पडली असेल की काय झालं असेल, आणि मी इथं खुर्चीत बसून मोजतेय. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

थेरपिस्ट: लाज कसली. तशाच निघाला असतात तर पहिल्याच वळणावर अडकला असतात.

मावशी: तेच मनाला सांगत होते. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्याच्या वळणावर डावा गुडघा असा धरला की वर जाववेना नि खाली येववेना. कठड्याला धरून उभी राहिले. तू एकदा म्हणाली होतीस, दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं. तेव्हा मनात म्हटलं होतं, हिला काय जातंय बोलायला.

थेरपिस्ट: ते चेहऱ्यावर दिसलं होतं मला.

मावशी: दिसलं असेल. पण तिथं तेच आठवलं. म्हटलं, हे दुखतंय, मोडलेलं नाही. उजवा पाय वर, डावा त्याच्याशेजारी. एकेक पायरी, लहान मूल चढतं तशी. दार उघडलं तर अक्का पलंगाशेजारी जमिनीवर. पांघरूण ओढायला वाकली आणि घसरली, आठ वाजल्यापासून तशीच. फरशी बर्फासारखी. हात हातात घेतले तर निळसर पडलेले. आणि मला बघून पहिलं काय म्हणाली असेल?

थेरपिस्ट: काय?

मावशी: "गुडघे कसे आहेत तुझे?"

(थेरपिस्ट गुडघ्याखाली उशी सरकवते.)

थेरपिस्ट: तुम्ही काय म्हणालात?

मावशी: म्हटलं, माझ्या गुडघ्यांचं राहू दे. रजई गुंडाळली तिला. उचलायची तर माझ्यात ताकद नाही. मग तो तुझा धडा आठवला. पडल्यावर उठायचं कसं, तो. मी किती कुरकुर केली होती, मी काय पडणार आहे का म्हणून.

थेरपिस्ट: दोन दिवस तुम्ही त्या चटईकडे बघतही नव्हतात.

मावशी: तोच धडा मी तिला दिला. आधी विचारलं, कंबर, मांडी, मनगट, कुठं कळ येतेय का. हातपाय हलवून बघायला लावले. मग तिला कुशीवर वळवलं, खुर्ची समोर आणून धरली. आधी कोपर, मग गुडघे, मग हात खुर्चीवर. चार वेळा थांबलो. तिला दम लागायचा, मी मोजायचे. शेवटी उठून बसली. डॉक्टर घरी येऊन गेले, नुसता मुका मार आहे म्हणाले.

थेरपिस्ट: मावशी, तुम्ही अगदी बरोबर केलंत.

मावशी: मी नाही, तू केलंस. तू त्या घरात नव्हतीस एवढंच. हे घे.

थेरपिस्ट: हे काय?

मावशी: तुमच्या शेकाच्या पिशव्यांना खोळी. फ्लॅनेलच्या, दुहेरी अस्तराच्या. त्या रबराचा चटका बसतो लोकांना. सहा आहेत. परवा दुपारी बसून शिवल्या, आणि हो, दर अर्ध्या तासाने उठले मशीनवरून.

थेरपिस्ट: टाका किती बारीक आहे. एवढं कशाला केलंत?

मावशी: ते राहू दे, त्या पायाला शेक दे. एक गोष्ट मात्र तुला सांगायचीय. माझं तळमजल्याचं घर आहे ना, ते मूळचं अक्काचं. सात वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले तेव्हा तिनेच अदलाबदल केली. आणि नंतर तीच वर अडकली. ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं, पण फोनवर असलं बोलता येत नाही. परवा तिच्यासमोर बसून बोलले. म्हटलं, माझ्यापायी तू कोंडली गेलीस.

थेरपिस्ट: काय म्हणाल्या?

मावशी: म्हणाली, छे, खालच्या घरात ऊन येत नव्हतं म्हणून मी वर आले. आणि तिच्या खिडकीचं तोंड उत्तरेला आहे.

थेरपिस्ट: मग?

मावशी: मग काय. मी म्हटलं, हो, ऊन छान येतं तुझ्याकडे.

थेरपिस्ट: सूज दोन दिवसांत उतरेल. व्यायाम सोडू नका, फक्त गरम करून मगच. आणि हे सांगा, उतरताना त्रास झाला का? उतरणं चढण्याहून वाईट असतं या गुडघ्यांना.

मावशी: उतरले कुठं? त्या दिवसापासून वरच आहे. भाच्याने मशीनही वर आणून दिलं. थंडी संपेपर्यंत तिथंच राहणार.

थेरपिस्ट: मग आज इथं कशा आलात?

मावशी: आज पहिल्यांदा उतरले, सावकाश, तुझ्याकडे यायला. म्हणून म्हणते, नीट शेक दे. आता घरी जायचं म्हणजे मला वर जायचंय.