आत कोणी आहे का?

घरमालक: अहो बेलिफसाहेब, रिकाम्या घरात हाका कसल्या मारताय? सामान टेम्पोत चढलं, भाडेकरू काकू या उभ्या. लावा कुलूप, मोकळे व्हा.

बेलिफ: कोर्टाचा नवा नियम आहे. प्रत्येक खोलीच्या दाराशी विचारायचं, आत कोणी आहे का. मागे एका ठिकाणी एक म्हातारबुवा आतच राहिले आणि बाहेरून सील लागलं. तेव्हापासून हाक मारल्याशिवाय ताबा नाही.

घरमालक: इथे कोण राहणार? एकट्याच तर होत्या.

काकू: माझ्याकडे तोंड करून बोल रे. हे गेले आणि त्यांच्यामागोमाग माझे कानही गेले. ओठ दिसले तरच कळतं.

बेलिफ: काकू, आणखी कोणी आहे घरात?

काकू: कोण असणार, बाबा? आटपा लवकर. संसार झाला त्या घराच्या दारात असं ताटकळत उभं राहवत नाही.

बेलिफ: स्वयंपाकघर झालं. आता ही मागची खोली. आत कोणी आहे का?

घरमालक: कोण बोललं?

बेलिफ: तुम्हीही ऐकलंत?

घरमालक: शेजारचा असेल. भिंती पातळ आहेत.

बेलिफ: शेजारचा कशाला म्हणेल, ‘आलो, एक चप्पल सापडत नाहीये’?

घरमालक: खोलीत कोणी आहे?

बेलिफ: चिटपाखरू नाही. बघा ना तुम्हीच.

घरमालक: नको. इथूनच दिसतंय.

काकू: काय झालं? चेहरे का उतरले तुमचे?

बेलिफ: काकू, आतून कोणीतरी ओ दिली. घोगरा आवाज. चप्पल सापडत नाही म्हणाले.

काकू: कुठे निघायचं म्हटलं की ह्यांची एक चप्पल हरवलेलीच असायची... तुम्हा दोघांना ऐकू आलं?

बेलिफ: दोघांनाही.

घरमालक: साहेब, कुलूप.

बेलिफ: आतून ओ आली तर कुलूप लावता येत नाही.

घरमालक: निकाल माझ्या बाजूने लागलाय.

बेलिफ: लागलाय ना. मग आत जा आणि त्यांना बाहेर या म्हणून सांगा. मी थांबतो.

घरमालक: ...मी खाली आहे.

बेलिफ: काकू, आज घर तुमच्याकडेच राहील. सामान परत वर आणायला सांगू?

काकू: सामानाचं राहू दे. तेवढं ह्यांना विचारा, इतकी वर्षं मला हाका मारत होतात का.