सासरे आले!

सून : आई, पोरीच्या श्वासातली शिट्टी थांबली.

लसूणवाली : कुठे थांबली? कान लाव तिच्या तोंडाशी. येतेय ना?

सून : येतेय... पण बारीक. मघाशी केवढी मोठी येत होती! अहो दादा, जरा पुढे घ्या ना!

रिक्षावाला : कुठे घेऊ ताई? पुढे टेम्पो, मागे टेम्पो, या अंगाला टोमॅटो, त्या अंगाला कांदे. हॉर्न दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला.

लसूणवाली : हॉर्नला इथं कोण विचारतंय? वीस वर्षं लसूण विकतेय मी या बाजारात. हॉर्न ऐकून एकदा मान वर केली असेल तर शपथ.

रिक्षावाला : मग मावशी, तुम्हाला तरी माहीत होतं ना? संध्याकाळी सहाला इकडून कोणी शहाणा माणूस रिक्षा घालतो का?

लसूणवाली : दुसरीकडचा पूल खणून ठेवलाय. येणार कुठून?

सून : मी उतरते. हिला घेऊन पळत जाते.

लसूणवाली : बस खाली! डॉक्टर काय म्हणाले? ताठ बसवा, हिसका देऊ नका, घशात बोट घालू नका. शेंगदाणा श्वासनळीत आडवा बसलाय, बाजूनं वारा जातोय म्हणून चाललंय. पळताना हलला तर काय करशील? आणि मोठा दवाखाना काय इथं आहे? दोन किलोमीटर आहे अजून.

सून : चिमणे, इकडे बघ. आईकडे बघ बाळा. झोपायचं नाही हं. आई, हिचे ओठ बघा.

लसूणवाली : बघतेय.

सून : निळे दिसतायत. का ती वरची ताडपत्री निळी आहे म्हणून तसं वाटतंय? सांगा ना!

लसूणवाली : ताडपत्रीच असेल.

सून : नक्की?

लसूणवाली : मला नाही गं कळत. हसत होती, तोंड उघडं होतं, आणि मी म्हातारी, लाडानं दाणा टाकायला गेले. चार वर्षांचं पोर! मीच टाकला तिच्या तोंडात.

सून : आई, आता ते नको. आत्ता नको.

रिक्षावाला : तो पांढरा पट्टा बघा. त्याच्या आत बसायचं असतं सगळ्यांनी. आत बसले तर दोन ट्रक शेजारून जातील. पण नाही! ज्यानं पहिल्यांदा पट्ट्याबाहेर दुकान मांडलं ना, त्याला धरून...

लसूणवाली : मीच ती.

रिक्षावाला : काय?

लसूणवाली : पहिली पाटी मी सरकवली. वीतभरच. मग कांदेवाला वीतभर आला. मग मला गिऱ्हाईक दिसेना, मी परत वीतभर पुढे. ती समोरची पिवळी छत्री दिसतेय? माझीच. आज जाऊ बसलीय तिथं.

सून : आई... सासरे.

लसूणवाली : काय बोलतेस?

सून : सासरे. तुम्ही हाक द्या.

रिक्षावाला : ताई, तुमचे सासरे आता या गर्दीत कुठून सापडणार?

सून : तसं नाही हो. बाजारात अतिक्रमणवाल्यांच्या गाडीला सासरे म्हणतात. गाडी दिसली की एक जण ओरडतो, सासरे आले! मिनिटभरात सगळा बाजार पट्ट्याच्या आत.

लसूणवाली : शब्द मीच काढलाय. सासरे आले म्हटल्यावर कसं, पाय आवरा, पदर आवरा, पसारा आवरा.

रिक्षावाला : मग वाट कसली बघताय? ओरडा की!

लसूणवाली : खोटी हाक देणाऱ्याची जागा जाते. गेल्या महिन्यात फुलवाल्यानं गंमत केली, त्याला उठवलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले होते, उठवा म्हणून. जागा गेली तर आपण खायचं काय?

सून : आई.

लसूणवाली : विचार करू दे गं जरा.

सून : आई, शिट्टी येत नाहीये. अजिबात येत नाहीये!

लसूणवाली : रिक्षा चालू कर रे. मोकळं झालं की घुसायचं, स्कूटरवाले शिरायच्या आत. कळलं? ...सासरे आले! सासरे आले रे! आवरा! सासरे आले!

रिक्षावाला : अरे बापरे! सरकले! कांदे गेले, टोमॅटो गेले...

सून : चला! चला, चला!

रिक्षावाला : ती पिवळी छत्री का हलत नाही?

लसूणवाली : खांबाला बांधलीय. गाठ माझी आहे, जावेला सुटत नसेल.

रिक्षावाला : मग थांबू?

लसूणवाली : थांबलास तर बघ! घाल वरून.

रिक्षावाला : अहो मावशी, भरलेल्या पाट्या आहेत...

लसूणवाली : माझ्याच आहेत! ए, ऊठ गं! सोड ती दोरी, बाजूला हो! झाली बाजूला. घाल रे, घाल!

सून : आई गं!

लसूणवाली : धर तिला, घट्ट धर!

सून : खोकली... आई, खोकली ती! शिट्टी आली. ऐका, येतेय!

रिक्षावाला : रस्ता मोकळा आहे ताई. आता मी थांबत नाही.

(मोठ्या दवाखान्यातला बाक. समोरचं दार बंद.)

सून : दुर्बीण घालून काढतात म्हणाले. पंधरा मिनिटं म्हणाले होते ना?

लसूणवाली : हो.

सून : किती झाली?

लसूणवाली : घड्याळाकडे बघू नकोस.

रिक्षावाला : मी थांबलोय हो इथंच. चाकातून लसूण काढत बसलो होतो. मावशी, फोन वाजतोय तुमचा.

लसूणवाली : हं, बोल. तुला लागलं नाही ना? ...आतच आहे अजून. काही सांगत नाहीत... हो, मीच ओरडले. विचारतील तर माझं नाव सांग. उद्या मी स्वतः येऊन सांगते सगळ्यांना. उठवलं तर उठवलं... काय म्हणतेस? सगळे परत बाहेर आले? ...नको, आपली पाटी आतच राहू दे. आणि कांदेवाल्याला सांग, पाया पडते म्हणावं, आजच्या दिवस पट्ट्याच्या आत बस. पोरीला त्याच रस्त्यानं घरी न्यायचंय.