तोंडातला फुगा

नाही, पण मी म्हणतो, पोरं आहेत की पुतळे? शाळा सुटायची वेळ झाली आणि आतून एक आवाज नाही! एवढी मोठी इमारत, चार मजले, आणि आपल्याला ऐकू काय येतंय, तर तुमची ही चिमणी! मघापासून फाटकाच्या गजाला लोंबकळून सतरा प्रश्न विचारतेय, तेही मराठीत, म्हटलं आपलीच माणसं, म्हणून थांबवलं तुम्हाला. शाळा बघायला आलात ना? बघा, बघा. शाळा उत्तम आहे हो, बोट ठेवायला जागा नाही! पण घंटा व्हायच्या आत माझं ऐकून घ्या, कारण घंटा झाली की मग... जाऊ दे.

तुम्हाला सांगतो, इथे परदेशात आलो तेव्हा मला वाटलं होतं, शाळा शोधायची म्हणजे काय? घराजवळची बघायची, नाव घालायचं, डबा द्यायचा, संपलं! पण ही म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही. तुमची बदलीची नोकरी, आज इथे, उद्या आणखी कुठे. ब्रिटिश अभ्यासक्रम घेतला की जगाच्या पाठीवर कुठेही जा, याच पानावरून पुढे चालू." म्हटलं, वा! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही पळा, हीच शाळा दारात उभी!

बरं, नाव सुचवलं कुणी? आमच्या वरच्या मजल्यावरच्या अकाउंटंटनी. आपलेच आहेत. त्यांचा मुलगा म्हणजे वादळ होतं हो! लिफ्टची सगळी बटणं दाबून पळून जायचा, आणि मी कोण, तर लिफ्टचाच इंजिनियर! मला बटणं दाबून दाखवायचा! आणि ह्या शाळेत गेल्यावर काही महिन्यांनी भेटला, तर हात मागे, मान सरळ, "गुड मॉर्निंग, सर." मला सर! आणि बटण दाबलं एक. फक्त एक! मी त्याच्या बापाला गाठलं, विचारलं, "काय औषध दिलंत?" तर त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि हळूच म्हणाले, "शाळा उत्तम आहे. नाव घालून टाका." एवढं बोलले आणि गाल फुगवून गप्प! मला वाटलं, चूळ भरतायत.

आता आमची कन्या. वय सहा. घरी तिला भोंगा म्हणतात, यावरून काय ते ओळखा. सकाळी डोळ्यांच्या आधी तोंड उघडतं. मी बूट घालायला बसलो की ही पाठीवर चढून स्वप्न सांगणार. स्वप्नात हत्ती, हत्तीला मावशी, मावशीला पित्ताचा त्रास... बरं, बायकोचं काम दवाखान्यात, समोरच्या टेबलावर. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी यावं, तर घरी हत्तीच्या मावशीचं पित्त! "हिला जरा वळण लागायला हवं," असं ही म्हणायची, आणि मी... मी पण मान डोलवायचो. कबूल.

तर गेलो आम्ही दोघं शाळा बघायला. आणि पाय ठेवला मात्र, माझ्या अंगावर काटा! कारण सांगतो. आमचा सगळा धंदा कानांवर चालतो. लिफ्ट कुरकुरतेय, घरघरतेय, तोवर घाबरायचं काम नाही, बिचारी तेल मागतेय. पण रोज कुरकुरणारी लिफ्ट एके दिवशी एकदम गप्प झाली, की मी आधी माणसं खाली उतरवतो! आणि इथे लांबच लांब पॅसेज, भिंतींवर चित्रं, फरशी अशी चकचकीत की आपलाच चेहरा खालून बघतोय, आणि आवाज... शून्य! मला वाटलं, माणसं उतरवा रे कुणीतरी!

तेवढ्यात समोरून पोरांची रांग आली. हात मागे बांधलेले, टाय, पॉलिश केलेले बूट, आणि सगळ्यांचे गाल... फुगलेले! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी हिला मागे ओढलं, म्हटलं, "गालगुंडाची साथ आलीय, चल!" तर मागून आवाज आला, "तो फुगा आहे." मोठ्या बाई! उंच, शिडशिडीत, आवाज इतका मऊ की ऐकायला वाकावं लागतं, आणि एकदा वाकलात की झालं, मग त्या म्हणतील तेच खरं! इंग्रजीतून मला समजावतायत, "मुलांनी मनातल्या मनात तोंडात एक फुगा धरायचा. पॅसेजमध्ये तो फुटू द्यायचा नाही. म्हणून कुणी बोलत नाही. गंमत आहे की नाही?" आणि हसल्या. दात दिसले नाहीत हो हसताना! मी हिच्याकडे बघितलं, तर हिचे डोळे भरून आलेले, म्हणाली, "अहो, किती शांत!" सरकारी तपासणीचा शेरा उत्तम, वर्ग उत्तम, ग्रंथालय उत्तम, बोट ठेवायला जागा नाही! घातलं नाव.

पहिल्या दिवशी न्यायला आलो. इथेच उभा होतो, ह्याच फाटकाशी. पोर बाहेर आली ती हात मागे, गाल फुगलेले. गाडीत बसली, गप्प. मी विचारलं, "काय काय केलं गं?" तिने हात वर केला. गाडीत! बापासमोर! म्हटलं, "हं, बोला!" तर म्हणाली, "शुक्रवारी सांगेन. बोलायचा तास शुक्रवारी असतो."

आठवडाभर आम्ही खूश. म्हणजे बायको खूश, मी तिच्या खुशीत खूश. मग माझ्या आईचा फोन आला, व्हिडिओवरचा. आधी भोंगा फोन सोडायचाच नाही, आता समोर बसून नुसती बघतेय. आई म्हणते, "अगबाई, दाढ सुजलीय का पोरीची? लवंग धरायला सांग!" म्हटलं, "नाही गं, तोंडात फुगा आहे." आई म्हणते, "मग काढ की मेल्या, गिळला म्हणजे!" ... तुम्ही हसताय. मीही हसलो. पण त्या रात्री मला ते वाक्य काही जाईना. गिळला म्हणजे?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बूट घालायला जास्त वेळ लावला. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पाठीवर कुणी नाही. वळून बघतो तर दाराशी उभी, दप्तर लावून, हात मागे. विचारलं, "हत्तीची मावशी कशी आहे?" नुसती मान हलवली, बरी आहे म्हणून. घरघर बंद! आणि ही, माझी बायको, शांततेसाठी नवस बोलायची बाकी होती ती, ही स्वयंपाकघरातून आली आणि पोरीसमोर बसून म्हणाली, "बोल ना गं काहीतरी... काहीही बोल!"

शेवटी मी भोंग्याला मांडीवर घेतलं, म्हटलं, "बाळा, आवडत नसेल तर काढतो तुला तिथून." तिने हात वर केला. मी म्हटलं, "बोल." आणि अगदी बारीक आवाजात विचारते, "बाबा, फुगा फुटला तर काय होतं?" मी म्हटलं, "काय होतं?" म्हणाली, "माहीत नाही. अजून कुणाचाच फुटला नाही."

म्हटलं, बास! पालकसभेत उभा राहतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, की बाई, ह्या फुग्यांमध्ये तुम्ही भरलंय काय? रात्रभर इंग्रजी वाक्य जुळवलं. सभेत गेलो, उठलो, बोलायला म्हणून छातीभर हवा घेतली... आणि मोठ्या बाईंनी एक हात वर केला. काही बोलल्या नाहीत. नुसता हात. तर आख्ख्या हॉलमधले हात वर! अकाउंटंट, त्यांची बायको, सगळे! हात वर आणि गाल फुगलेले! आता मला सांगा, घेतलेली हवा मी ठेवायची कुठे? शेजारी बघतो तर ही... हिचाही हात वर. आणि बाई माझ्याकडे बघून हसल्या. माझा हात कधी वर गेला, मला आठवत नाही हो. खरंच आठवत नाही!

झाली, घंटा झाली! ती बघा रांग. तिसरी, निळ्या रिबनची, ती आमची. हाक नका मारू! ... बघितलंत? हसली. डोळ्यांनीच, पण हसली ना?

काय म्हणता? तुमचं काय करू? शाळा उत्तम आहे. नाव घालून टाका. फक्त आत नेण्याआधी ह्या चिमणीला काय विचारायचं ते सगळं आत्ताच विचारून घ्या. आज सोमवार ना? ... मग आमचं काय, आता शुक्रवारीच बोलू.